फुकटची ऊब

मोटारीतला हीटर ही आपल्या मराठी माणसाच्या दृष्टीने अगदीच बिनकामाची वस्तू. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे जरा थंडी पडली की आपण काचा वर करतो, फार तर कानटोपी घालतो. डॅशबोर्डावरच्या निळ्या-तांबड्या खुणेतली तांबडी बाजू वर्षानुवर्षे कोणी वापरतही नाही. पण जिथे बर्फ पडते तिथे हीटर ही चैन नसते. आत बसलेल्यांच्या श्वासाची वाफ समोरच्या काचेवर धरते, तिथेच गोठते आणि चालवणाऱ्याला रस्ता दिसेनासा होतो. म्हणून तिकडे ब्रेकच्या खालोखाल गरजेची गोष्ट म्हणजे हीटर.

आज लिहायचे आहे ते या हीटरच्या एका जुन्या दुखण्याविषयी. निमित्त झाले माझ्या भाच्याचे. तो जर्मनीत असतो. त्याने तिथे १९६६ सालची एक फोक्सवॅगन बीटल घेतली, आणि हीटर सुरू केला की गाडीत करपलेल्या तेलाचा वास कोंदतो अशी त्याची तक्रार होती. फोनवर म्हणाला, “मामा, हीटरच्या नळ्यांतला हा तेलाचा चिकटा साफ कसा करायचा, तुमच्या वाचनात काही आलंय का?” मी जन्मभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, हातात पाना कधी धरला नाही. पण निवृत्तीनंतर जुन्या यंत्रांविषयी वाचायचा नाद लागला आहे हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. वाचायला बसलो आणि लक्षात आले की या चिकट्याला चांगला ऐंशी-नव्वद वर्षांचा इतिहास आहे!

अगदी सुरुवातीच्या मोटारी उघड्या असत. हिवाळ्यात लोक जाड कोट घालून, मांडीवर कांबळे घेऊन बसत आणि पायाशी तापवलेल्या विटा किंवा निखाऱ्याच्या पेट्या ठेवत. गाड्या बंदिस्त झाल्या तेव्हा प्रश्न आला की आतली हवा तापवायची कशी? उत्तर सोपे होते. इंजिनात जाळलेल्या पेट्रोलची बरीचशी उष्णता वायाच जाते, तीच आत घ्यायची. ज्या गाड्यांचे इंजिन पाण्याने थंड होते त्यांना हे सहज जमले. इंजिनातले गरम पाणी एका छोट्या रेडिएटरमधून फिरवायचे आणि त्यावरून हवा आत सोडायची. अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३८ मध्ये बाहेरची ताजी हवा गाळून, गरम पाण्यावर तापवून आत घेणारी व्यवस्था आणली. आजच्या गाड्यांतला हीटर तत्त्वाने तोच आहे. तिथे गरम पाणी नळीत आणि हवा नळीबाहेर, दोघांची गाठ पडत नाही.

पण ज्या इंजिनात पाणीच नाही त्याचे काय?

बीटलची कुळकथा थोडक्यात सांगतो. १९३४ मध्ये हिटलरच्या राजवटीने फर्डिनांड पोर्शे यांच्याकडे सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीचे काम सोपवले. किंमत हजार मार्कांच्या आत हवी होती. सामान्य जर्मन माणसाकडे गॅरेज नव्हते, गाडी रात्रभर उघड्यावर राहणार. रेडिएटरमध्ये पाणी असेल तर ते गोठून इंजिन फुटणार. म्हणून इंजिन हवेने थंड होणारे ठरले, आणि ते बसवले गाडीच्या मागच्या बाजूला. १९३८ मध्ये कारखान्याची पायाभरणी झाली. आठवड्याला पाच मार्कांची तिकिटे चिकटवून गाडी मिळवायच्या योजनेत सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे भरले, पण त्यांतल्या एकालाही त्या राजवटीत गाडी मिळाली नाही. युद्ध सुरू झाले आणि त्या कारखान्यात लष्करी वाहने बनू लागली, तीही बऱ्याच अंशी वेठीला धरलेल्या परदेशी मजुरांच्या श्रमांवर. युद्धानंतर ब्रिटिश लष्कराच्या मेजर आयव्हन हर्स्ट यांनी तो मोडकळीला आलेला कारखाना चालू केला, १९४८ पासून हाइन्रिख नॉर्डहॉफ यांनी तो वाढवला, आणि ५ ऑगस्ट १९५५ रोजी तिथून दहा लाखावी बीटल बाहेर पडली.

या गाडीत पाणी नाही, म्हणजे गरम पाण्याचा हीटर नाही. मग ऊब आणायची कुठून? इंजिनावर एक पंखा असतो. तो पट्ट्याने फिरतो आणि सिलिंडरांवर जोराने हवा सोडतो. सिलिंडरांना थंड करता करता ही हवा स्वतः तापते. सुरुवातीच्या बीटलमध्ये तीच तापलेली हवा धुराड्याच्या पाइपांभोवतीच्या पेट्यांतून नेऊन, दारांखालच्या पोकळ पत्र्याच्या नळ्यांतून पुढे माणसांच्या पायांशी आणि काचेवर सोडत. वेगळा पंप नको, रेडिएटर नको, खर्च जवळपास काहीच नाही. ऊब अक्षरशः फुकट!

इथेच मेख आहे. जी हवा इंजिनाच्या अंगावरून येते ती इंजिनाच्या अंगावरचे सगळे घेऊन येते. बीटलच्या इंजिनात चार सिलिंडर आडवे झोपवलेले, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. प्रत्येक सिलिंडरला दोन पुशरॉड, आणि प्रत्येक पुशरॉड एका पातळ पत्र्याच्या नळीत. या नळ्यांतूनच वरचे तेल खाली परत येते. नळ्या आठ, प्रत्येकीच्या दोन टोकांना एकेक रबरी सील, म्हणजे सोळा सील. शिवाय टॅपेट कव्हरची गॅस्केटे आणि ऑइल कूलरची सील वेगळीच. इंजिन रोज तापते, रोज निवते, आणि त्या उष्णतेत रबर काही वर्षांत काचेसारखे कडक होते. मग तेल थेंब थेंब पाझरते. खाली असतो धुराड्याचा तापलेला पाइप. त्यावर तेल पडते, करपते आणि त्याचा धूर होतो. जे करपत नाही ते धुळीत मिसळून काळी, मेणचट पुटे धरते. आपल्याकडे जुन्या स्वयंपाकघरात चुलीवरच्या आढ्याला धरायची तशी.

फोक्सवॅगनने यावर उपाय केला तो १९६३ च्या मॉडेलपासून. सिलिंडरांवरून आलेली हवा आत घ्यायचे बंद केले. त्याऐवजी पंख्याकडूनच दोन जाड नळ्यांनी वेगळी हवा काढली आणि ती धुराड्याच्या पाइपांभोवती बसवलेल्या ‘हीट एक्स्चेंजर’मधून नेली. हे नाव जड वाटेल, पण वस्तू आपल्या ओळखीची आहे. आपला न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. निखाऱ्यांची धग पाण्याला मिळते, पण राख पाण्यात जात नाही. बीटलमध्येही तसेच. मधल्या पाइपातून इंजिनाचा धूर जातो, त्या पाइपाला धग पसरवणारी ॲल्युमिनियमची पाती असतात, आणि बाहेरच्या पत्र्याच्या कवचातून आपली हवा वाहते. बंबाची मधली नळी कुजली की पाण्यात राख यायची, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचा धोका सांगायला नकोच.

गंमत अशी की जर्मनांनी जी पद्धत सोडली तीच पद्धत त्याच सुमाराला अमेरिकेत नव्याने सुरू झाली. जनरल मोटर्सने १९५९ च्या शरद ऋतूत शेव्हरोले कॉर्व्हेअर ही गाडी आणली. बीटलसारखीच मागे इंजिन असलेली, हवेने थंड होणारी, पण सहा सिलिंडरांची. १९६० च्या पहिल्या मॉडेलला पेट्रोल जाळणारा स्वतंत्र हीटर मिळत असे. तो ऊब चांगली द्यायचा, पण गाडीचेच पेट्रोल प्यायचा. म्हणून १९६१ पासून कंपनीने इंजिनावरून आलेली गरम हवा सरळ आत घ्यायला सुरुवात केली. पुन्हा तीच फुकटची ऊब! या इंजिनाला पुशरॉडच्या नळ्या बारा, म्हणजे रबरी कड्या चोवीस. त्या कडक झाल्या, तेल पाझरू लागले आणि हीटरच्या वाटेने वास आत येऊ लागला.

नुसता वास असता तर लोकांनी नाक मुरडून सोडून दिले असते. पण सिलिंडर आणि धुराडे यांच्या सांध्यात फट पडली तर तेलाच्या वासाबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत येतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, गुंगी येते, आणि माणसाला वाटते की प्रवासाचा शीण आला. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत अशा बातम्या आपण हिवाळ्यात वाचतो. तोच हा वायू.

१९७१ मध्ये, सरकारच्या वाहन-सुरक्षा खात्याच्या चौकशीनंतर, जनरल मोटर्सने १९६१ ते १९६९ या काळातल्या कॉर्व्हेअरच्या मालकांना पत्रे पाठवून हीटरमधून विषारी वायू आत येऊ शकतो असा इशारा दिला. तोवर गाडीचे उत्पादन थांबून दोन वर्षे झाली होती. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात दोष कळवायची सक्ती होती, पण तो पदरचे पैसे घालून दुरुस्त करून द्यायची सक्ती कंपनीवर नव्हती. ती आली १९७४ च्या दुरुस्तीने. कॉर्व्हेअर म्हटले की सगळ्यांना राल्फ नेडर आणि वळणावर उलटणाऱ्या गाडीचा वाद आठवतो. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या हीटरविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही, आणि मला तरी ही गोष्ट तितकीच महत्त्वाची वाटते.

आता भाच्याच्या गाडीकडे येतो. त्याची गाडी १९६६ ची, म्हणजे सुधारित हीटरची. मग तिच्यात तेल कसे शिरले? एक तर पंखा हवा ओढतो ती इंजिनाच्या कप्प्यातूनच. त्या कप्प्यात तेलाची वाफ असेल तर ती हीटरच्या हवेत आलीच. दुसरे म्हणजे त्या काळच्या बीटलमध्ये ऑइल कूलर पंख्याच्या आवरणाच्या आतच उभा असे, आणि त्याचे सील गेले की तेल थेट हवेच्या झोतात. (१९७१ च्या मॉडेलपासून कूलरला शेजारी वेगळी खोली दिली गेली.) तिसरे, कप्प्याच्या कडेने एक रबरी पट्टी असते. खालची गरम, धुरकट हवा वर येऊ नये म्हणून ती घातलेली असते. जुन्या गाड्यांत ती बहुधा झिजलेली किंवा गायबच असते.

भाच्याचा पहिला विचार असा होता की एखादे जालीम रसायन फवारावे, नळ्या धुऊन काढाव्यात आणि वर सुगंधी डबी लावावी. मी त्याला आपली जुनी म्हण ऐकवली, रोग हाल्याला आणि औषध पखालीला. (नव्या पिढीसाठी सांगतो, हाल्या म्हणजे पाणी वाहणारा रेडा आणि पखाल म्हणजे त्याच्या पाठीवरची चामड्याची पिशवी.) नळ्या ही पखाल झाली. दुखणे वरच्या सीलमध्ये आहे.

त्याने तिथल्या एका जाणत्या मिस्त्रीला सोबत घेऊन जे काम केले ते क्रमाने लिहून ठेवतो, कोणाला उपयोगी पडेल. आधी इंजिन बाहेरून धुऊन कोरडे केले, थोडे चालवले आणि तेल नेमके कुठून फुटते ते बॅटरीच्या उजेडात पाहिले. उजव्या बाजूच्या दोन पुशरॉड नळ्यांची सील गेली होती आणि टॅपेट कव्हरचे गॅस्केटही. ही सील बदलायची तर सिलिंडरचे हेड उतरवावे लागते. नळ्यांना टोकाला चुण्या असतात. जुनी नळी परत घालायची तर त्या चुण्या थोड्या ताणून घ्याव्या लागतात, म्हणजे हेड आवळल्यावर नळी सीलवर घट्ट दाबून बसते. नळीचा सांधा वरच्या बाजूला ठेवायचा, कारण तेल तळाशी साठते. नवी सील उष्णता सोसणाऱ्या रबराची घ्यावीत. ड्यूपाँ कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणलेले व्हायटॉन हे तसले रबर आहे. कॉर्व्हेअर जपणारी मंडळीही आता त्याच्याच कड्या घालतात.

मग सफाई. हीट एक्स्चेंजर उतरवून बाहेरचा चिकटा लाकडी पट्टीने खरवडला आणि पाण्यात मिसळणाऱ्या डिग्रीजरने धुतला. आतल्या पोकळीत तेच द्रावण कोमट पाण्यातून भरून रात्रभर ठेवले आणि सकाळी स्वच्छ पाणी येईपर्यंत खळबळून काढले. इथे तीन गोष्टी सांभाळायच्या. कॉस्टिक सोडा वापरायचा नाही, तो तेल काढतो खरा, पण आतली ॲल्युमिनियमची पातीही खातो. पेट्रोलने धुवायचे नाही, त्याचे कारण सांगायला नको. आणि क्लोरीन असलेले ब्रेक-क्लीनर वापरायचे नाही, कारण त्याचा अंश आत राहून फार तापला तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात तो शस्त्र म्हणून वापरला होता. हीटर साफ करताना तो गाडीत आणण्यात काय हशील?

इंजिनापासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत येणाऱ्या लवचीक नळ्या आणि आवाज कमी करणाऱ्या मऊ अस्तराच्या नळ्या यांत तेल मुरते. त्या धुवायच्या नसतात, सरळ नव्या घालायच्या. दारांखालच्या पोकळ पत्र्यात मात्र पाणी ओतायचे नाही. तिथे साठलेले पाणी आतून गंज धरते, आणि बीटलचा सांगाडा याच पत्र्यावर तोललेला असतो. लवचीक तारेला चिंधी बांधून, ती डिग्रीजरमध्ये नुसती ओलसर करून, पुन्हापुन्हा आतून फिरवली. पहिल्या दहा-बारा चिंध्या काळ्याकुट्ट निघाल्या म्हणे. मग दोन दिवस गरम हवा सोडून सगळे वाळवले.

आणि या सफाईतच खरी गोष्ट उघड झाली. उजव्या एक्स्चेंजरवरचा चिकटा निघाल्यावर मिस्त्रीने अंधारात दिवा आत धरला, तर मधल्या पाइपाला गंजाने पडलेले करंगळीच्या नखाएवढे भोक दिसले. म्हणजे इंजिनाचा धूर थेट हीटरच्या हवेत मिसळत होता. तेलाच्या उग्र वासाखाली त्याचा पत्ताच लागला नव्हता. भाचा ज्या वासाला कंटाळला होता त्या वासानेच त्याला तिथवर नेले. नुसता वास घालवला असता तर भोक तसेच राहिले असते, आणि मागच्या सीटवर त्याची पाच वर्षांची मुलगी बसते. हे ऐकून ताईने दोन दिवस नीट जेवण केले नाही.

एक्स्चेंजर नवीन घातले. पहिल्यांदा गाडी उघड्यावर, सगळी दारे उघडी ठेवून चालवली. राहिलेसाहिलेले तेल करपेपर्यंत थोडा वास येतोच, तो तीन-चार फेऱ्यांत गेला. कार्बन मोनॉक्साइड मोजणारे छोटे यंत्र आता गाडीत कायमचे बसवले आहे.

शेवटची मूळ धाटणीची बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे तयार झाली. एकूण २ कोटी १५ लाखांवर गाड्या निघाल्या. त्यांतल्या अनेक आजही लोक मायेने सांभाळतात, आणि हौशी लोकांच्या लिखाणात त्या तेलाच्या वासाचाही उल्लेख बालपणीच्या आठवणीसारखा येतो. वासाशी आठवणी जोडलेल्या असतात हे खरे. मलाही स्टोव्हच्या रॉकेलच्या वासाने आमचे जुने घर आठवते. पण इतिहास शिकवणाऱ्याला एक खोड असते, आठवणीच्या खाली काय आहे ते उकरून बघायची. तो वास म्हणजे कोणाची लहर नव्हती. स्वस्त गाडी हवी होती, गॅरेज नव्हते, पाणी गोठत होते, म्हणून हवेचे इंजिन आले. हवेचे इंजिन आले म्हणून अंगावरची हवा आत घेतली. आणि रबराचे आयुष्य गाडीच्या आयुष्यापेक्षा कमी होते. प्रत्येक पायरीवर माणसांनी शहाणपणानेच निर्णय घेतले होते. त्यांची बाकी राहिलेली किंमत मात्र पन्नास-साठ वर्षांनी मागच्या सीटवरच्या पोरीच्या वाट्याला येणार होती.

असो. आपल्या नात्यागोत्यातली कितीतरी मुले आता थंड देशांत राहतात. जुनी गाडी सगळेच घेत नाहीत, पण घरात गॅसची भट्टी, शेकोटी, गॅरेजमध्ये चालू ठेवलेली गाडी हे सगळीकडे असते. त्यांना पुढच्या फोनवर एवढे जरूर विचारा की कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला आहे का, आणि त्याची बॅटरी शेवटची कधी बदलली.